मागचे आवाज

१

आईचे डोळे पूर्ण गेलेले नाहीत. मधलं गेलं, कडेचं राहिलं. समोर बसलेल्याचा चेहरा तिला दिसत नाही, पण बाजूने कुणी गेलं की सावलीसारखं काहीतरी कळतं. डॉक्टर म्हणाले, आता एवढ्यावरच भागवायचं. आई म्हणाली, "चला, लोकांची तोंडं बघण्यातून सुटले."

इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात तिला अजून यशोधरा टीचर म्हणतात. जन्मभर पोरांना फिजिक्स शिकवलं आणि जन्मभर विज्ञानकथा वाचल्या. वाचणं बंद झालं तेव्हा मी इंटरनेटवर शोधायला लागलो. फुकट हवं, चोरीचं नको, आणि मराठीत नाहीतर हिंदीत हवं. आधी कॉमिक्स सापडली. ती मी चित्रं सांगत सांगत वाचून दाखवायचो.

"आता काय दिसतंय?"

"यान उतरलंय. त्यातून हिरवा माणूस बाहेर येतोय."

"हिरवाच का असतो रे मेला नेहमी? त्यांच्याकडे काय फक्त पालक पिकतो?"

मग 'परग्रह' नावाची साइट सापडली. गोष्टी, कॉमिक्स आणि वाचून रेकॉर्ड केलेल्या कथा, सगळं फुकट. कथा वाचणारे लोक म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच. आपल्या घरात, दार लावून, मोबाइलसमोर बसून वाचायचं आणि पाठवून द्यायचं. आई ते ऐकताना मधेमधे भांडायची, "हे होऊच शकत नाही! चंद्रावर एवढ्या जोरात पडतं का कुणी?" खूश होती ती. म्हणून मीही नाव नोंदवलं.

मला वाचायला जमत नाही. मी आवाज साफ करतो. सकाळी पोहे-चहा झाला की ऑफिस सुरू व्हायच्या आधी एक फाईल. माझं ऑफिसही घरूनच असतं. लग्न झालं होतं, आता नाहीये. मला वाईट वाटायला जरा वेळ लागतो, हे एवढं एकच माझ्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

२

काम सोपं आहे. वाचणाऱ्याने सुरुवातीला जरा वेळ गप्प बसायचं, असा साइटचा नियम आहे. आम्ही त्याला खोलीची शांतता म्हणतो. शांतता कसली डोंबलाची! त्यात पंखा असतो, फ्रिज असतो, खालचा रस्ता असतो. मी तो तुकडा निवडायचा आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की हा कचरा आहे. मग त्या तुकड्यात जे जे आहे ते सॉफ्टवेअर अख्ख्या फाईलमधून काढून टाकतं. उरतो फक्त वाचणाऱ्याचा आवाज. त्याचे श्वासही मी छाटतो. लोक फार श्वास घेतात, हे या कामात कळलं.

गेल्या हिवाळ्यात एका नव्या वाचणाऱ्याच्या फाईली माझ्याकडे यायला लागल्या. नावाच्या जागी नुसता एक ठिपका. वाचायचा मात्र फार सुंदर. सपाट, सावकाश, कुठे अडखळणं नाही. आणि श्वास एकही नाही. मी पूर्ण फाईल धुंडाळली, छाटायला काहीच मिळेना. म्हटलं, वा भिया, कुणीतरी रेडिओतला माणूस दिसतोय.

पहिल्याच फाईलच्या शांततेत कचरा गाडीचं गाणं होतं. लांबून येणारं, मग गल्लीत शिरून मोठं होणारं. हे गाणं आमचं इंदूर सोडून कुठे सकाळी वाजतं? म्हणजे आपलाच माणूस. मला उगाच बरं वाटलं. गाण्याचा तुकडा निवडला, कचरा म्हणून सांगितला, काढून टाकला.

३

दुसऱ्या दिवशी कचरा घरातच राहिला.

दुसऱ्या गावात हे चालत असेल. आमच्याकडे ओला-सुका डबा भरलेला घरात राहिला की सुतक पडल्यासारखं होतं. आई म्हणाली, "गाडी येऊन गेली की. एवढी कोकलत होती खाली. तू काय झोपला होतास?"

"मी जागाच होतो. वाजलीच नाही."

"अच्छा. म्हणजे माझे डोळे आणि तुझे कान. छान आहे, दोघांत मिळून एक माणूस होईल."

मी पुढच्या सकाळी डबे घेऊन गेटपाशीच उभा राहिलो. गाडी आली. वरचा भोंगा थरथरताना दिसत होता. आवाज नाही. म्हटलं, बिघडला असेल. गाडीवाल्याला विचारलं तर तो हसायला लागला. "क्या भिया, सुबे-सुबे मजाक कर रिये हो? कान फट रिये हैं यां."

त्यानंतर पंख्याची टकटक गेली. आमच्या बैठकीतला पंखा वर्षानुवर्षं टक टक करत फिरतो. ठिपक्याच्या एका फाईलमध्ये तसलीच टकटक होती, ती मी काढली होती. मग गल्लीतला काळू गेला. म्हणजे कुत्रा होता तिथेच, कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे शेव खात. माझ्याकडे बघून तोंड उघडायचा, मान झटकायचा, पण भुंकणं नाही.

मी फिजिक्सच्या मास्तरणीचा मुलगा आहे. पंखा जुना, त्याचा नट आपोआप बसला असेल. कुत्र्यांचे गळेही बसतात. कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाले, "आपके कान तो बच्चों जैसे हैं." रिपोर्ट एकदम नॉर्मल.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. घर शांत झालं होतं. मला ती शांतता आवडली, आणि आवडली म्हणून मी आणखी फाईली घेतल्या.

४

आईला मात्र आवडत नव्हतं.

मी तिला ठिपक्याची कथा लावून दिली होती. मंगळावरच्या एका एकट्या कारकुनाची गोष्ट होती. ती आरामखुर्चीत बसून ऐकत होती, पण भांडत नव्हती. मला ते खटकलं.

"काय गं, आवडली नाही?"

"गोष्ट बरी आहे. वाचलंयसही छान. पण तू त्याला इतकं धुतलंस की आतला माणूसच गेला रे."

"मी नाही वाचलेलं हे."

"बरं बरं, नको सांगूस."

"अगं खरंच. कुणीतरी दुसरा आहे."

"मुकुल, तुला पाळण्यापासून ऐकतेय. आईला आवाज ओळखता येत नाही होय? तुझाच आहे." ती हसली. "फक्त जरा जास्त शहाणा झाल्यासारखा वाटतो."

मी पुन्हा फाईल ऐकली. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. मला तरी तो माझा वाटला नाही. मी असा न अडखळता कधी बोललो होतो?

आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली आणि नेहमीप्रमाणे स्वतःलाच म्हणाली, "चला, उठा यशोधराबाई." हे ती दिवसातून किती वेळा म्हणते देव जाणे. ऐकून ऐकून ते मला ऐकूच यायचं बंद झालं होतं. म्हणजे त्या वेळी फक्त बोलण्याची पद्धत म्हणून.

५

कामाची सवय झाली की माणूस काम बघत नाही. माझी सवय अशी की फाईल उघडायची, सुरुवातीचा शांततेचा तुकडा न ऐकताच निवडायचा, साफ करायचं, साठवायचं, मूळ फाईल उडवायची आणि मग ऐकायला बसायचं. मूळ फाईली ठेवल्या तर कॉम्प्युटर भरतो. आमच्यात सगळे असंच करतात.

त्या सकाळी ठिपक्याच्या फाईलची शांतता जरा मोठी होती. स्क्रीनवरच्या तिच्या रेषेत एक उंचवटा दिसला. म्हटलं, खुर्ची सरकवली असेल. निवडलं, साफ केलं, साठवलं, मूळ उडवलं.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, काय काढून टाकलं तेवढंच ऐकण्याची. मी ती कधी वापरत नाही. त्या दिवशी का वापरली माहीत नाही.

हेडफोनमध्ये पहिल्यांदा खुर्ची करकरली. मग अगदी जवळून, स्पष्ट आवाज आला. "चला, उठा यशोधराबाई."

मी पुन्हा लावलं. या वेळी खुर्चीही नव्हती आणि काहीच नव्हतं.

मी हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होती. माझी चाहूल लागून तिने मान वळवली, माझ्या जरा बाजूला बघत बोलायला लागली. ओठ हलत होते. भुवया वर गेल्या, म्हणजे काहीतरी विचारत होती. मग हसली, म्हणजे स्वतःच उत्तर दिलं असणार.

"आई, मोठ्याने बोल."

तिने हात हलवला. ओठ आणखी मोठे हलले. नळातून पाणी थेंब थेंब गळत होतं, ते मला ऐकू येत होतं.

मी महूला पूर्णिमाला फोन लावला. पूर्णिमा माझी बहीण, तिथल्या शाळेत शिकवते. फोन आईच्या हातात दिला. आई बराच वेळ बोलली. परत कानाला लावला तेव्हा पूर्णिमा वैतागलेली होती. "दादा, काय चाललंय तुझं? आई म्हणतेय तू तिच्याशी बोलत नाहीयेस."

"तुला ऐकू आली ती?"

"म्हणजे? बहिरी आहे का मी?"

६

विचार करा, आमचं काय झालं असेल. तिला दिसत नाही, मला ती ऐकू येत नाही. मी खुणा केल्या तर तिला कळत नाहीत. तिला लिहायला सांगितलं तर अक्षरं एकावर एक चढतात. मी बोललेलं तिला ऐकू यायचं, पण तिच्या उत्तराशी माझं पुढचं बोलणं जुळायचं नाही. ती विचारायची भाजीचं आणि मी सांगायचो औषधाचं. बाकी सगळं ऐकू येतं आणि तूच येत नाहीस, हे आईला कोणत्या तोंडाने सांगणार? थोड्या दिवसांनी ती बोलेनाशी झाली. मला ते कसं कळलं? ओठ हलायचे थांबले.

पूर्णिमा फोनवर मधे पडायची. "आई विचारतेय, मुकुल रागावलाय का?"

"सांग, नाही."

"तूच सांग ना, समोर तर बसलायस!"

"नाही गं आई, रागावलो नाहीये," मी म्हटलं. आईने मान हलवली आणि काहीतरी म्हणाली. मी पूर्णिमाला विचारलं, काय म्हणाली. पूर्णिमा म्हणाली, "म्हणतेय, मग माझी मेलीची काय चूक झाली?"

मला वाईट वाटायला हवं होतं. आत कुठेतरी वाटतही असेल. पण दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं होतं.

शमिकाला फोन केला. ती इथे जवळच राऊला राहते, साइटचं सगळं तीच बघते. म्हटलं, हा ठिपका कोण आहे, मला त्याचा नंबर दे.

"मुकुलजी, मस्करी करताय का?" ती म्हणाली. "वो तो आप ही हो ना? आम्हाला वाटलं तुम्हाला नाव लावायची लाज वाटते. फाईली तुमच्याच लॉगिनवरून येतात. आवाज भी आपका ही है."

"माझा आवाज असा आहे?"

"अगदी. बस फोनवर तुम्हाला दम लागतो, त्यात लागत नाही."

मी फोन ठेवला आणि त्या ठिपक्याच्या पानावर जाऊन लिहिलं, 'शेवटची फाईल परत पाठवा. न साफ केलेली.' मग खाली आणखी लिहिलं, 'प्लीज.'

७

फाईल दुसऱ्या सकाळी आली. कथेचं नाव नव्हतं. मी शांततेचा तुकडा निवडला नाही, कशाला हात लावला नाही. नुसता हेडफोन चढवला. साफसफाईला मी वायरचाच हेडफोन वापरतो, बिनवायरच्यात बारीक आवाज मागे पडतात.

कुणी काही वाचत नव्हतं. आधी पंख्याची टकटक आली. मग काळू भुंकला, माझा काळू. मग चपला फरफटत आल्या आणि आई बोलली.

"गिझर लावला का कुणी? विचारून काय उपयोग म्हणा. साहेब मौनात आहेत."

माझ्या नाकातून पाणी यायला लागलं. रडत होतो की काय, मला माहीत नाही. आई पुटपुटत होती, कपाट उघडत होती, टॉवेल शोधत होती. मी डोळे मिटून ऐकत बसलो. कधीचं रेकॉर्डिंग असेल असा विचार डोक्यात येऊन गेला आणि मी तो सोडून दिला. काय फरक पडतो, आई होती ना त्यात.

कचरा गाडीचं गाणं सुरू झालं. किती दिवसांनी! मी डोळे उघडून सहज खिडकीकडे पाहिलं.

खाली गल्लीत गाडी उभी होती. खालच्या मजल्यावरचे वासुदेव काका डबा रिकामा करत होते. त्यांनी डबा गाडीच्या कडेवर आपटला आणि तो आपटल्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला.

तेवढ्यात बादली घरंगळल्याचा आवाज झाला. मग काहीतरी जड, ओल्या फरशीवर.

"मुकुल! पडले रे!"

मी उठलो आणि वायरने मला मागे ओढलं. हेडफोन काढला. घर शांत. एवढं शांत की काही झालंच नाही असं वाटावं. परत चढवला. "मुकुल, अरे कुठे आहेस रे, उठता येत नाहीये." कानात ठेवलं तर आई होती, पण मला जागचं हलता येत नव्हतं. काढलं तर हलता येत होतं, पण आई नव्हती. हे दोनदा-तीनदा केलं मी. अक्कल गहाण ठेवल्यासारखा काढत होतो आणि चढवत होतो. शेवटी भिरकावून बाथरूमकडे धावलो.

ती फरशीवर कुशीवर पडली होती, पाय वाकडा. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. ती ओरडत होती आणि मला फक्त नळ ऐकू येत होता.

वासुदेव काका दार ढकलून आत आले. "अरे केव्हाची ओरडतेय ती! खालपर्यंत ऐकू येतंय. तू बहिरा आहेस का?"

८

खुब्याचं ऑपरेशन झालं. आई घरी आली. पूर्णिमा रजा टाकून राहिली आणि परत गेली. जाताना दारात म्हणाली, "तिच्याजवळ बस. एवढंच कर."

कॉम्प्युटर आता मी आईच्या खोलीत, पलंगाच्या डाव्या बाजूला आणून ठेवलाय. ती फाईल अजून चालू आहे. संपत नाही, तिची लांबी वाढत जाते. स्पीकरवर लावून पाहिलं, स्पीकरवर मला काही ऐकू येत नाही. फक्त हेडफोनमध्ये येतं. म्हणून मी दिवसभर हेडफोन घालून तिच्या शेजारी बसतो. ती बोलते, मी ऐकतो, उत्तर देतो. चाललंय. तिला कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

आज दुपारी ऊन पलंगावर आलं होतं. मी तिला गोळी दिली, पाणी दिलं. तिचा हात चाचपडत माझ्या डोक्याकडे आला, केसांवरून फिरला आणि हेडफोनला लागून थांबला.

"हे काय आहे रे? अजून त्या परग्रहवाल्यांचंच ऐकतोयस?" कानात तिचा आवाज आला. थकलेला होता. "काढ ना ते कानातलं. मी इथे आहे की. माझ्याशी बोल जरा."

मला म्हणायचं होतं, आई, हे काढलं की तू जातेस. वेळ लागतो मला.

हेडफोनमध्ये खोलीची शांतता होती. पंखा. आईचा श्वास, जरा घरघरणारा. माझा श्वास. मी माझा रोखून धरला. तरीही दोन श्वास येत होते.

दुसरा पलंगाच्या उजव्या बाजूने येत होता. तिथे भिंतीला टेकून आईची काठी ठेवलेली आहे, बाकी काही नाही. तो श्वास सावकाश आत गेला, वाचायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा. ठिपक्याने आजवर कधीच श्वास घेतला नव्हता.

"बोल ना आई," तो म्हणाला. "मी ऐकतोय."

आता मात्र मला तो आवाज ओळखता आला.

आईचा हात माझ्या डोक्यावरून निघाला. तिने मान वळवली, उजवीकडे, काठीच्या दिशेने, आणि डोळ्यांच्या कडेने काहीतरी बघितलं. तिचा चेहरा एकदम सैल पडला. कितीतरी दिवसांनी हसली ती.

"आलास?" ती म्हणाली. "केव्हाची वाट बघतेय रे."